तिसरी रजा

रात्री साडेदहाला शाळेचा मेसेज: उद्या पण रजा.
मराठीत रजा मागावी लागते,
इथे गुजरातीत ती कलेक्टर वाटतो.

विश्वामित्री अठ्ठावीस फुटांवर. काळ्या घोड्याचा पूल बंद.
पलीकडे सयाजी हॉस्पिटलात हेमांगी,
एक रात्रपाळी दुसरीत शिरलेली, दुसरी तिसरीत.
अलीकडे अकोट्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मी आणि तिची मुलगी.

चार महिन्यांपूर्वी हेमांगीने माझ्याशी लग्न केलं.
शाल्मलीने केलेलं नाही.
ती मला तुम्ही म्हणते,
बँकेतल्या काउंटरवर म्हणतात तसं,
आणि हाक मारायची वेळ आलीच
तर जवळ येऊन उभी राहते.

मी विमा विकतो. आग, चोरी, भूकंप, पूर,
सगळ्यांचे हप्ते तोंडपाठ.
सात वर्षांच्या मुलीची दुपार
कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

पहिल्या दिवशी सापशिडी.
मी मुद्दाम हरलो. तिला कळलं.
मग कागदाच्या होड्या.
"सोडायला खाली जायचं?"
"नाही."
"मग केल्या कशाला?"
तेरा होड्या वॉशिंग मशीनवर कोरड्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी भजी. तिने आतला कांदा काढून
ताटाच्या कडेला ओळीत लावला.
मी कानामागून नाणं काढून दाखवलं.
"बाहीत होतं," ती म्हणाली.
होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच लाइट गेली,
आणि रमणभाई वॉचमन जिन्यातून ओरडला,
फाटकापाशी मगर आहे, पाच फुटांची, कोणी उतरू नका.
आम्ही दोघं गॅलरीच्या जाळीला नाक लावून.
उकळून उरलेल्या चहासारखं पाणी.
एक चप्पल. लीलो चिवड्याची रिकामी पिशवी.
एक ओंडका.
ओंडका वळला.

ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.
मग आत गेली, दिवाणावर चढली, म्हणाली:
"खाली सगळी विश्वामित्री. तू मगर."

तू.

मी चष्मा काढून टीव्हीवर ठेवला.
गुडघे टेकले, मग पोट.
फरशी गार होती, आणि दिवाणाखाली
हेमांगीचं एक कानातलं, कधीपासून शोधत होतो ते.
"अगं, हे बघ..."
"मगर बोलत नाही."

उशीवरून पाटावर, पाटावरून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर,
तिथून माझ्या पॉलिसीच्या फायलींवर
ती पूल बांधत निघाली.
मी शेपूट हलवत मागे.
कुठे चालली आहे, ते उशिरा कळलं:
दाराकडे,
जिथे हेमांगीच्या सँडल ठेवलेल्या असतात.

शेवटी एक पाऊल कमी पडलं.
तिने उशांकडे पाहिलं, सगळ्या लागलेल्या.
भिंतीकडे पाहिलं. माझ्या पाठीकडे पाहिलं.
"हलू नकोस हं."
एक पाय, मग दुसरा.
वीस किलो असेल.
मी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेतला.

संध्याकाळी फोन. बॅटरी अकरा टक्के.
"आई, आमच्याकडे मगर आहे.
नाही, खरी वेगळी, ती खाली आहे.
ही चावत नाही. हिला भजी मात्र येत नाहीत."
मग ऐकत राहिली, हं, हं, हं,
आणि फोन माझ्यापुढे धरला:
"तुम्हाला बोलायचंय का?"

रात्री पाऊस बारीक झाला.
तळमजल्यावर परमारांचा फ्रिज पाण्यात आडवा पडलाय,
त्यांचा क्लेम मलाच भरायचाय;
हेमांगी बाकावर झोपत असेल, पाय सुजले असतील.
सगळं कळतंय.
नदी उतरायला हवी, हे रमणभाईलाही मी बजावून सांगितलं.

तरी साडेदहाला
मोबाइल हातात धरून बसलो होतो,
चार टक्क्यांवर,
मेसेजची वाट बघत.