बुधवारचं हेलिकॉप्टर

बेटावर माणसं अकरा.
मेंढ्या किती ते योआन्नेसला विचारा,
तो आकडा सांगतो आणि लगेच दुरुस्त करतो,
कारण मे महिना आहे, रोज रात्री वाढताहेत.

रान्वाला छत्तिसावा आठवडा.
टोर्सहावनच्या नर्सनं फोनवर सांगितलं,
येत्या बुधवारी निघा, पुढे ढकलू नका,
एकदा धुकं बसलं की आमच्या हातात काही नसतं.
आवाज गोड होता. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

लोकरीच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर
ती दोन रकाने आखते.
इथे. तिथे.
तिथेच्या खाली: डॉक्टर. रक्त. भूल देणारा माणूस.
योआन्नेसच्या मावशीची खोली,
जिथल्या उशीला कुत्र्याचा वास येतो.
तीन आठवडे, कदाचित चार.
इथेच्या खाली: योआन्नेस.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: खिडकी.

खिडकीतून धक्का दिसतो.
धक्का कसला, कड्यात कोरलेल्या पायऱ्या आणि एक दोर.
समुद्राचा मूड बरा असेल तर बोट खाली येऊन थांबते,
वर-खाली, वर-खाली,
आणि नेमकी लाट बघून उडी टाकायची.
हिवाळ्यापर्यंत तीही टाकायची.

या घरात शेवटचं जन्मलेलं माणूस म्हणजे सासू, सुन्नेवा.
याच स्वयंपाकघरात, अडुसष्ट वर्षांपूर्वी.
तिच्यानंतर सगळ्यांच्या कागदांवर जन्मगाव म्हणून
दुसऱ्याच बेटाचं नाव.
मरणाचं तसं नाही.
चर्चमागच्या दगडांवर इथलंच नाव आहे, ओळीनं.

रान्वाला वाटलं होतं, ती म्हणेल, राहा.
नाळ जिथली, माणूस तिथलं, असं काहीतरी.
नाळेचं तिनं एकदा विचारलंही होतं.
चुलीत गेली असेल, सुन्नेवा म्हणाली,
त्या दिवशी कोण बघत होतं.

आज बटाटे सोलता सोलता ती म्हणाली,
माझ्या आईनं काही ठरवलं नव्हतं.
सहा दिवस बोट आली नाही.
सातव्या दिवशी आली, डॉक्टरला घेऊन.
तोवर मी आले होते.
माझ्या मागून एक भाऊ आला, तो रडला नाही.
त्याला धरून बेटावर एकोणचाळीस झाले असते.
मग बटाटा पाण्यात टाकला
आणि दुसरा घेतला.

रात्री योआन्नेस आला तो कोपरापर्यंत लाल.
कोकराचा खांदा अडकला होता, फिरवून काढलं, दोघं ठीक.
त्याच्या हाताला गुण आहे, सगळे म्हणतात.
मलाही फिरवून सोडवलं असतंस?
ती हसत विचारते, म्हणजे हसू अर्धंच येतं.
तो हात धुतो. धुवून झाले तरी धूत राहतो.
मेंढी गेली तर मी रात्री झोपतो, रान्वा.
एवढंच.

बुधवारी वारा पडला.
नसता पडला तरी चाललं असतं,
असं तिला एक क्षण वाटलं,
खरं सांगायचं तर दोन क्षण.

सामानाबरोबर तिचंही वजन केलं.
चौऱ्याऐंशी किलो. एक प्रवासी.
परतीची तारीख? पोरानं विचारलं.
तिनं खांदे उडवले.
त्यानं पेन तिथेच ठेवून पुढे भरलं.

योआन्नेस कुंपणापाशी उभा होता,
टोपी हातात घट्ट धरून,
पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून,
त्यामुळे हात हलवायचा राहून गेला.

दोन रकान्यांचा कागद टेबलावरच राहिला.
दुपारी सुन्नेवानं तो ओढून घेतला
आणि त्यावर बटाटे सोलले.
ओली, लांब, कुठेही न तुटलेली एक साल
इथेवर पडली,
तिचं टोक तिथेवर.