तीन बोटं

तोंड किती उघडतं ते मोजायला
आधी माणसाचीच बोटं मागतो आम्ही.
तर्जनी, मधलं, अनामिका, एकाखाली एक.
ज्याचं तोंड, त्याचंच माप.
तहसीन बागवानचं एक बोटही
नखापाशीच अडलं.
पट्टी लावली : अकरा मिलिमीटर.

केसपेपरवर मी लिहिलं, गुटखा,
पुढे प्रश्नचिन्ह, तेही सवयीनं.
लातूरच्या या ओपीडीत रोज येतात
पांढरी पडलेली, ताठरलेली तोंडं,
जिन्यातल्या लाल कोपऱ्याशीच रांग धरून.
ती एकोणीस वर्षांची. काही बोलली नाही.
बापच बोलला, उदगीरच्या नाक्यावर फळगाडा लावणारा गफूरभाई :
"साहेब, पोरीनं सुपारी बी धरली न्हाई हातात.
समदे हेच इचारतेत.
सोयरीक बी ह्याच्यावरच मोडली."

गालाच्या आत बोट सरकवलं, जेमतेम.
मऊ. ओलं.
कुठेच दोरी लागली नाही बोटाला.
तान्ह्या लेकराच्या गालासारखा गाल
आणि तरी दार बंद.
मी प्रश्नचिन्ह खोडलं.
मग लक्षात आलं, खोडायचा शब्द होता.

पडलीस कधी? कान फुटला होता?
अक्कलदाढ? दुखतं?
नाही. नाही. नाही. नाही.
बारा वर्षांची होते तेव्हा पेरू अख्खा चावायचे,
मग फोडी करून,
मग किसून.
सीताफळ जमतं अजून, ती म्हणाली दातांच्या फटीतून,
एकेक बी येते बाहेर.

स्कॅन रात्री पाहिला, घरी, इन्व्हर्टरच्या उजेडात.
कानापुढची बिजागरी दोन्हीकडे साफ.
पण तिच्या जरा पुढे, जबड्यावर
एक छोटं टोक असतं,
जुन्या कुणीतरी ज्याला कावळ्याच्या चोचीवरून नाव दिलं,
ते वाढत गेलं होतं वर वर
गालाच्या हाडामागे, डावीकडे, उजवीकडेही.
तोंड उघडू गेली की चोच हाडावर.
सात वर्षं
आतून कुणी दार ठोठावत होतं
आणि बाहेर आम्ही तिच्या थुंकीचा रंग बघत होतो.

भुलीची नळी तोंडातून जाणार नव्हती.
मुंडकर मॅडम नाकातून गेल्या, ती जागी असताना,
श्वास घे बाळा, गिळ, झालं, झालं, म्हणत
पाऊण तास.
त्यांच्यापुढे माझं काम लहानच :
गालाच्या आतून चीर, स्नायू सोडवणं,
बारीक करवत, पाण्याची धार,
एक टोक. मग दुसरं.
ट्रेमध्ये ठेवली तर खरंच चोची होत्या.
भुलीतच उघडून पाहिलं : छत्तीस.
इंगोले सिस्टरनी पट्टी पुसून परत मोजलं.

पण कापलं म्हणजे उघडलं असं नसतं.
आईस्क्रीमच्या काड्या दिल्या, चपट्या, लाकडी,
दिवसातून पाचदा दातांत सारायच्या, रोज एक वाढवायची.
चौथ्या दिवशी नऊ. नवव्या दिवशी परत सात.
दुखतंय, असं तिनं वहीत लिहिलं,
बोलता येत असून.
मी चिडलो. नको होतं चिडायला.
मग गफूरभाईनं काड्या हातात घेतल्या,
गाड्यावर पेरूचे वाटे लावतो तसे
पाच-पाचचे वाटे लावले,
एका वाट्यावर एक वरकड, गिऱ्हाइकाला देतो तशी.

सहाव्या आठवड्यात ती तपासायला आली.
मी सांगत होतो, व्यायाम वर्षभर सोडायचा नाही,
व्रण आवळत जातो, परत सगळं
आणि मधेच तिला जांभई आली.
अख्खी. पडजिभेपर्यंत.
घाबरून तिनं हात उचलला, तो पोचेपर्यंत
शेजारी बसलेल्या औशाच्या म्हातारीनं,
कवळीचं माप द्यायला आलेल्या,
तिच्या तोंडापुढे चुटकी वाजवली.
मग म्हातारीलाच आली.
मग रांगेत मागे, एकेकाला,
ज्याची जेवढी उघडते तेवढी.

तीन बोटं लावायची राहून गेली.
त्या तारखेच्या रकान्यात आकडा नाही.
मलाही आली होती.