तीन बोटं लाकूड

जयेंद्र, आधी तुझी चप्पल बघ.
निळा पट्टा, टाच झिजून कागद झालेली.
हिच्यावर बाळकुमच्या नाक्यापर्यंत जा खुशाल,
करवतीजवळ नको. आज फक्त दोरी धर.
या दोरीच्या आत कुणी येणार नाही,
एवढंच तुझं काम. लहान समजू नको.

मशीन जमिनीवर ठेवायचं.
मागच्या मुठीत पाऊल, डावा हात पुढच्या दांडीवर,
अंगठा खालून वळवलेला, ब्रेक लावलेला.
मग ओढ.
हवेत झुलवत चालू करणारेही पाहिलेत मी.
त्यातला एक आता वाघबीळला पानटपरी चालवतो,
चुना डाव्या हाताने लावतो.
उजवा खिशात असतो त्याचा.

पात्याचं नाक जपायचं.
नाकाचा वरचा कोपरा लाकडाला भिडला
की मशीन उसळून मागे येतं, थेट तोंडावर,
"आई" मधला "आ" निघायच्या आत.
माझ्या हनुवटीवरची ही रेघ
घरी दाढी करताना लागली म्हणून सांगितली होती.
अकरा टाक्यांची दाढी.
आईने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून
मी निघताना ती दारात येऊन उभी राहते.

आता हा पर्जन्यवृक्ष.
कोलबाडच्या या गल्लीत दोन वर्षं
उभ्या उभ्या वाळत होता, पांढऱ्या किडीने.
परवानगीचा कागद मी सुतळीने बांधलाय,
मेलेल्याला आणखी खिळा कशाला.
काथोडकाका, येऊरच्या पाड्यातले,
बोटाच्या पेराने खोड वाजवायचे,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं,
आणि कान लावून थांबायचे.
पोकळ निघालं तर म्हणायचे,
घरात कुणी नाही रे, जपून.

तार बघ, गच्च्या बघ, वर अडकलेली सुकी फांदी बघ,
तीच मारते, झाड नंतर.
आणि पहिला काप घालायच्या आधी
पळायची वाट साफ कर. मागे, तिरकी.
ती कुंडी उचल. ती बाटलीसुद्धा.
पळताना माणूस खाली बघत नाही.

पडायच्या बाजूला खाच, खोडाची चौथाई.
मग पाठीमागून काप, खाचेच्या तळापेक्षा जरा वर.
काप खोल गेला की पाचर ठोकायची.
आणि इथे थांबायचं.
तीन बोटं लाकूड शिल्लक ठेवायचं.
झाड त्यावरच वळतं, दार बिजागरीवर वळावं तसं.
सगळं कापलंस तर झाड कुणाचंच राहत नाही,
ना तुझं, ना जमिनीचं.

दहा वाजून वीस मिनिटांनी तू मोबाईल बघत होतास.

टेनिसचा चेंडू दोरीखालून आला,
मागोमाग अर्ध्या चड्डीतला पोरगा.
त्या आवाजात ओरडून काय होणार.
मी ब्रेक मारला. मशीन बंद केलं.
एवढी शांतता, की चौथ्या मजल्यावरच्या
कुकरची शिट्टी ऐकू आली.
झाड उभं होतं
तीन बोटं लाकडावर आणि एका पाचरीवर,
आणि तो खाली वाकून
पाल्यात चेंडू शोधत होता, घाई न करता,
जणू जगात फक्त चेंडूच हरवतात.
सापडला. शर्टाला पुसला. गेला.

तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस.
मी काही बोललो नाही,
बोललो असतो तर शिवीच निघाली असती.
मग पाचरीवर दोन घाव.
करकर झाली, शेंडा हलला,
आपण वाटेने मागे सरकलो,
आणि ते बरोब्बर गाड्या हलवलेल्या जागेत आडवं झालं.
धूळ बसेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही.
हेही लक्षात ठेव.

बुंध्यावर मधोमध ती पट्टी राहिलीय बघ,
फाटलेल्या वहीच्या शिवणीसारखी.
हात लावून बघ.

हा चहा घे. माझा ग्लास थरथरतोय
तो भीतीने नाही,
मशीन बोटांतून निघायला तास घेतं.
भीती वेगळी असते, ती रात्री जेवताना येते.

उद्या बूट घालून ये.
माझे जुने आहेत, नऊ नंबर.
पुढे कापूस भर.