मीठ

नदीच्या या काठावर आमचं गाव आहे. म्हणजे, होतं.
आता पत्र्याचं कुंपण, वर काचा रोवलेल्या,
आत सात इमारती.
बाल्कन्यांना गज, गजांवर वाळणारे एकाच मापाचे टी-शर्ट.
तिसऱ्या इमारतीचा स्वयंपाक माझ्याकडे.
परवा एकशे बारा ताटं, काल एकशे नऊ.
कमी का, ते मी विचारत नाही.
विसळायची, उपडी घालायची.
पलीकडे थायलंड. म्वेईचं पाणी
दोन्ही तीरांना सारखंच गढूळ.

बेरेकेत जेवायला सगळ्यांच्या शेवटी यायचा.
इथिओपियाचा. हॉटेलात हिशेबनीस लावतो म्हणून आणलेला.
विमान, मग रात्रभर गाडी, मग होडी,
आणि पासपोर्ट कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.
रोज सोळा तास तो मेलानी असायचा.
मेलानी चौतीस वर्षांची, घटस्फोटित,
सिंगापुरात तिचं दागिन्यांचं दुकान.
तिला दहा फोन. बेरेकेतचा स्वतःचा एकही नाही.

एकदा तो फोन घेऊन भटारखान्यात आला.
माशाच्या रश्श्याचा फोटो हवा होता.
मी वाडग्याचा काठ फडक्याने पुसला,
वरून कोथिंबीर भुरभुरली.
माझ्या हातच्या कशाचाही फोटो
आजवर कुणी काढला नव्हता.
त्या रात्री तो रस्सा मेलानीने रांधला
आणि स्लोव्हेनियाच्या एका डोंगरगावात
त्सिरिल नावाच्या म्हाताऱ्याला दाखवला.

त्सिरिलकडे मधमाश्यांच्या पंचेचाळीस पेट्या,
बायको जाऊन दोन हिवाळे.
त्याने विचारलं, यात आंबट काय घालतेस?
बेरेकेत जिन्यावरून धावत खाली.
मी म्हटलं, चिंच. कोवळा पाला.
तो धावत वर.
त्यांना एक कागद दिलेला असतो,
कितव्या दिवशी हवापाण्याचं, कितव्या दिवशी आईचं आजारपण,
कितव्या दिवशी गुंतवणूक.
चिंच त्या कागदात नव्हती.
चिंच माझी.

जानेवारीत घंटा वाजली.
मोठी रक्कम आली की पितळी घंटा बडवतात,
मला निरोप येतो, आज डुकराचं मांस.
सगळे टाळ्या वाजवतात. वाजवाव्या लागतात.
आधी पेट्या गेल्या, मग कुरण, मग राहतं घर गहाण.
पैसा नदीसारखा नसतो, त्याला उतार लागत नाही.
तो चढत गेला,
कुणा पोराने भाड्याने दिलेल्या बँकखात्यातून
दुसऱ्या देशातल्या खात्यात, तिथून कुठल्याशा
चकचकीत टॉवरच्या पायात.
वाटेत एक थेंब माझ्या छपरावर सांडला.
नवा पत्रा आहे. गळत नाही.

त्या दिवशी बेरेकेतला मी दोन तुकडे जास्त वाढले.
त्याने खाल्ले. मग मोरीत जाऊन ओकला.
पुढच्या महिन्यात आकडा भरला नाही.
आधी उन्हात उभा केला, मग विकला.
पाचव्या इमारतीला म्हणतात,
कुणी म्हणतं, वर पहाडाकडे.

फोन आता दुसऱ्या मुलाकडे आहे.
तो सांगतो, म्हातारा अजून लिहितो.
पैशांचं अक्षर नाही.
चार दिवस गप्प आहेस, जेवतेस ना नीट?
पिळून झालेल्याला उत्तर द्यायचं नाही,
एवढं मात्र कागदात आहे.

ज्याचं मीठ खावं त्याला जागावं म्हणतात.
पातेल्यावर मुठीत मीठ धरून मी उभी राहते.
कोणाचं खाल्लं मी? मालकाचं?
मालक मी कधी पाहिला नाही.
इतक्या वर्षांत आंबट कशाचं, हे विचारणारा
एकच निघाला,
आणि त्याचंच मीठ माझ्या छपरावर.

आज एकशे आठ.
एक ताट मी जास्तीचं काढलं, वाढलंही.
मग पायऱ्यांवर बूट वाजले
तसा रस्सा पातेल्यात परत ओतला,
ताट विसळून उपडं घातलं.