काळा, सहा टक्के

पार्नूच्या छापखान्यातून डिस्क आली,
सत्तावीस वर्षांची जुनी.
किह्नू बेटावरच्या बायकांचे घागरे,
उभे पट्टे, पानागणिक एक.
प्रत्येक लालाच्या पोटात चार आकडे:
सायन बारा, मॅजेंटा शंभर, पिवळा नव्वद, काळा सहा.
शाईचा हिशेब.
कागद गृहीत धरलेला.

मी फाइल साइटसाठी उघडते
आणि लाल ओरडतो,
मयताच्या घरात कुणी शीळ घालावी तसा.

त्या बेटावर लाल हा नुसता रंग नव्हे.
घरचं माणूस गेलं की बाई काळानिळा घागरा नेसते.
मग दिवस जातात,
नव्या घागऱ्यात लाल थोडा परततो,
आधी दोऱ्याएवढा, मग बोटभर.
दुःख किती उतरलं
हे तिला कुणी विचारत नाही,
कमरेखाली लिहिलेलंच असतं.

पान एक्केचाळीस. रोसी. धक्क्यावर, हातात बादली.
लाल आहे, पण दोऱ्याएवढाच.
मी तीन टक्के चुकले
तर रोसी वेळेआधी सुतक फेडून बसेल,
जगभरच्या फोनांवर.

म्हणून एंडेलला बोलावलं. पुस्तक त्यानं छापलेलं.
प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून आणली,
बुटांवरचं बर्फ दारातच झाडलं,
आणि थेट खिडकीशी गेला.
"दिवा घालव. कागदाला स्वतःचा उजेड नसतो,
तो मागून आणतो, खिडकीकडून, बर्फाकडून.
तुझा पडदा पदरमोड करतो,
म्हणून असा भपका."

डावा डोळा झाकून तो पडद्यापुढे वाकला.
"गार आहे."
मग उजवा झाकला.
"आता ठीक."
मी आकड्यांना हातही लावला नव्हता.

उजव्याचा मोतीबिंदू गेल्या मार्चमध्ये काढला,
डाव्याचा बाकी आहे.
"एका डोळ्यात चहा," म्हणाला, "दुसऱ्यात विहिरीचं पाणी.
तुला कुठला हवा?"

मला खरा हवा होता. मूळचा. घागऱ्याचा.

तो खुर्चीत बसला.
"प्रूफ बघायला रोसी स्वतः आली होती, बोटीनं.
घागराच पसरला टेबलावर, छापील पानाशेजारी.
रंग तंतोतंत जुळत होता. मी खूश.
ती म्हणाली, नाही, त्या वर्षी हा इतका लाल नव्हता.
मी म्हटलं, बाई, कापड समोर आहे.
ती काही बोलली नाही. उभी राहिली.
मशीन थांबवलं. काळा वाढवला.
शून्याचा सहा."

म्हणजे हे सहा टक्के
कापडात कधी नव्हतेच.

आणि पडद्याला काळी शाई माहीत नाही.
तिथे तीनच दिवे, लाल, हिरवा, निळा;
काळोख हवा तर त्यांनीच मंद व्हायचं.
संध्याकाळपर्यंत मी तेच करत बसले,
एकेक वात खाली, किंचित वर, पुन्हा खाली.
मधे त्यानं दोनदा कॉफी मागितली.

"वाच," तो म्हणाला. दोन्ही डोळे मिटून.
"एकशे एकोणनव्वद. एकतीस. छत्तीस."
"तीनच? काळा कुठे गेला?"
"आत आहे. तिघांत वाटला."

बराच वेळ गप्प.
"हं," म्हणाला. "घरात पण तसंच करतात."
मग पुस्तक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं,
आणि बसची वेळ विचारली.