बावीस नंबर

रात्री अकरा. मोलेला चहासाठी गाडी थांबली,
निघताना मोजले तर एक कमी:
बावीस नंबर. पणजीला चढताना
"हुबळी?" असं चारदा विचारून बसलेली गोरी पोर.

मागून कुरकुर. रोहिदासनं
हॉर्नवर कोपरच टेकवलं.
मी दारात, बॅटरी हातात.
नाव ठाऊक नाही, हाक काय मारू?
ओरडलो, "हुबळीऽऽ!"

नळामागून धावत आली,
तोंडाला पेस्टचा फेस,
एक चप्पल पायात, एक हातात.
काहीतरी म्हणाली तिच्या भाषेत.
"आसूं दी," मी माझ्या.

अनमोडचा घाट लागला.
दिवे मालवले, तेव्हा आठवलं:
मस्कतहून सुटलेली बस, वाळवंटातला पंप,
कुणी अनोळखी अंधारात ओरडतोय,
"सलालाऽऽ! सलालाऽऽ!"
आणि मी, पँट सावरत,
पळतोय
त्या नावाला ओ देत.