रवा धरण्याआधी

त्रेंचीनला नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो,
वाह नदीवरचं धुकं चढत चढत आमच्या खिडकीशी येऊन उभं राहतं.
भट्टी आतून पांढरी.
लांब चिमट्याने मी प्लॅटिनमची मूस बाहेर काढते
आणि आतलं सगळं थंड पाण्यात ओतते.
चर्र होतं. काच फुटून तिचा चुरा होतो.
असंच हवं असतं आम्हाला:
एवढी घाई, की अणूंना
रांगेत उभं राहायला सवडच मिळू नये.

वाळू, चुना, सोडा, थोडं फॉस्फेट.
मागच्या खेपेला स्ट्रॉन्शियम घातलं होतं,
या खेपेला तिमोतेयच्या हट्टाने तांबं, शंभरात दोन भाग.
त्याने जंतू मरतात, जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात,
असं तो जेवतानासुद्धा सांगतो.
दोनच भाग; पण पिठात मीठ पडावं
तसा काचेचा स्वभाव तेवढ्याने पालटतो.

मग पूड, मग आलेख.
मिनिटाला दहा अंश, त्याहून घाई नाही.
पाचशे वीसच्या आसपास रेघ किंचित खचते.
काच अजून वितळलेली नसते, फक्त तिचा ताठा गेलेला असतो.
इथून पुढे कण कणाला धरतो,
कुणाच्या तरी जबड्यात बसेल असा तुकडा घडवता येतो.
आणि मग कधी साडेसहाशेवर, कधी त्याआधीच,
रेघ एकदम उसळते.
काचेने रवा धरला.
त्या दोन खुणांमध्ये जेवढी जागा,
तेवढ्यातच आमचं सगळं बिऱ्हाड.

आज तांब्याने ती जागा निम्मी केली.
तिमोतेय पडद्यासमोर बसून राहिला, अंगातला कोटही न काढता.
सव्वीस वर्षांचा आहे; त्याला वाटतं, यंत्र चुकलं.
यंत्र नाही चुकलं, मी म्हटलं, जा, काहीतरी खाऊन ये.
साच्यातला तुकडा बाहेर काढला:
हिरवट निळा, आरपार काही दिसू न देणारा,
मुक्या माणसासारखा गच्च.

रविवारी तो खिशात घालून वडिलांकडे गेले.
वेंडेलीन कोव्हालिक, एकतीस वर्षं फुंकणीवर.
काचेत पांढरा ठिपका दिसला की मुकादम पगारातून कापायचा.
त्या ठिपक्याला सगळे दगड म्हणत.
आपण आधी दगड होतो, हे काचेला आठवू द्यायचं नाही,
ते सांगायचे, म्हणून तर नळी सतत फिरवायची.
त्यांच्या अंगठ्यावर आता ठसा उरलेला नाही.
त्याच अंगठ्याने तुकडा उलटसुलट केला,
नखाने वाजवला, कानाशी नेला,
आणि विचारलं, तुझे किती कापले?

मी हसले. मग सांगितलं त्यांना
सदतीस अंशांवर ठेवलेल्या बाटल्यांबद्दल,
रक्ताइतक्याच खारट पाण्याबद्दल,
की चांगली काच त्यात हळूहळू विरघळते, सोडा सोडते, चुना सोडते,
आणि चौदाव्या दिवशी तिच्या अंगावर
बारीक सुया उगवलेल्या दिसतात,
हाडात असतात तशाच.
म्हणजे शेवटी रवा धरलाच की, ते म्हणाले.
हो.
मग भट्टीपाशी एवढी अडवाअडवी कशाला?

बराच वेळ मी काही बोलले नाही.
सातशे अंशांवर जे होऊ द्यायचं नाही
तेच अंगाच्या उबेत व्हावं म्हणून आम्ही जागतो,
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी लिंडनच्या मधाची बरणी काढली.
मध तळापर्यंत पांढरा, चमचा उभा राहील इतका घट्ट.
मी पाणी तापवायला ठेवलं.
कोमटच कर, ते म्हणाले, मधाचा जीव जातो.
तुकडा त्यांनी खिडकीत ठेवून दिला, परत मागितला नाही मी.

सोमवारी तांबं निम्मं करून बघू.